रेसिपी द्यायची तर वाटीसकट द्या

होळी झाली की नाशिकच्या गच्च्या वाळवणांनी भरायला लागतात. कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस, उडदाचे आणि नागलीचे पापड, वर्षाचा मसाला. याच दिवसांत घरोघरी विचारपूस सुरू असते. "काकू, तुमच्या कुरडया इतक्या पांढऱ्या कशा?" "ताई, मसाल्याला धणे किती घेता?" उत्तर फोनवर मिळतं, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं जातं, आणि वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत जातं. नातेवाईक आणि मैत्रिणींमध्ये रेसिपींची देवघेव नीट बसवायची असेल तर हाच काळ धरावा, पण वाळवणाची घाई सुरू व्हायच्या आधी.

माझं म्हणणं एकच आहे. रेसिपी कागदावर आली म्हणजे ती दिली गेली असं मी धरत नाही. दुसऱ्या बाईने किंवा बाप्याने तुम्हाला फोन न करता, आपल्या गॅसवर, आपल्या भांड्यात ती केली आणि जमली, की ती पोहोचली. म्हणून देवघेव एका भेटीत होत नाही. दोन भेटी लागतात आणि मध्ये तीनेक आठवडे लागतात.

पहिली भेट होळीच्या साधारण दोन आठवडे आधीच्या रविवारी ठेवा, दुसरी रंगपंचमीनंतरच्या रविवारी. खुद्द रंगपंचमीला ठेवू नका. त्या दिवशी जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात आणि अर्धं घर रंगात असतं. पहिल्या भेटीत प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा आणि त्याचा कागद द्यायचा. मग चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या वाट्याला जो कागद येईल त्याने तो पदार्थ मधल्या दिवसांत घरी करायचा आणि दुसऱ्या भेटीला आणायचा. आपलीच किंवा आपल्याच घरातली चिठ्ठी आली तर परत टाकून दुसरी उचला. सासूबाईंचा पदार्थ सुनेकडे गेला तर तपासणी होतच नाही, कारण तिने त्यांचा हात रोज बघितलेला असतो. कागदात न लिहिलेलंही ती आपोआप करते.

फोन न करण्याचा नियम मात्र कडक ठेवा. पदार्थ करताना जो प्रश्न पडेल तो कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहायचा आणि आपल्या अंदाजाने पुढे जायचं. "परतायचं म्हणजे लाल होईपर्यंत की नुसतं मऊ?" हा प्रश्न फोनवर सुटला तर तो फक्त तुमच्यापुरता सुटतो. समासात राहिला तर कागद दुरुस्त होतो आणि बाकीच्या दहा घरांचाही सुटतो.

माणसं आठ ते बारा असावीत. सहाच्या खाली गेलात तर दोन साबुदाणा खिचड्या आणि तीन पुलाव येतात. बाराच्या वर गेलात तर कुणाचा तरी कागद न करता राहतो, आणि ज्याचा राहतो त्याला ते लागतं. भिशीचा तयार ग्रुप असेल तर उत्तमच, पण त्यात दोन-तीन माणसं बाहेरची घ्या. नाशिकमध्ये यासाठी फार लांब जावं लागत नाही. सिडको-सातपूरकडे कारखान्यांच्या नोकरीमुळे आलेली खान्देशी कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे कळण्याची भाकरी आणि खापरावरचे मांडे आहेत. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षं आणि कांदा पिकवणारी घरं आहेत, पेठ-सुरगाण्याकडे नागलीचे पदार्थ हातखंडा करणारी घरं आहेत. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत नैवेद्याचा स्वयंपाक अजून जुन्या पद्धतीने होतो. पुरुषांनाही बोलवा. मटणाचा रस्सा आणि मिसळीचा कट अनेक घरांत त्यांचाच असतो.

प्रत्येकाकडून एकच रेसिपी घ्या. उत्साहात माणूस पाच आणतो आणि पाचही अर्ध्या लिहिलेल्या असतात.

"हा मेसेज सहा जणींना पाठवा, तुम्हाला छत्तीस रेसिपी मिळतील" अशी साखळी व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरते. त्या वाटेने जाऊ नका. तिसऱ्या पायरीला दोनशे सोळा माणसं लागतात आणि त्यातली बहुतेक अनोळखी असतात. अनोळखी माणसाकडून येतो तो कुठून तरी उचललेला मजकूर. तो कुणी करून बघितलेला नसतो, आणि चुकलं तर विचारायचं कुणाला हेही माहीत नसतं.

वाटीचा घोळ

आता मुख्य अडचण. घराघरांतली आमटीची वाटी १२० मिलीपासून २०० मिलीपर्यंत काहीही असते. तरीही वाटीने पिढ्यानपिढ्या पदार्थ होत आले, कारण सगळं एकाच वाटीने घेतलं तर प्रमाण टिकतं. रव्याच्या शिऱ्याला एक वाटी रवा, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप, तीन वाट्या पाणी; वाटी कोणतीही घ्या, शिरा होतो. घोळ होतो तो एखादी वस्तू वाटीबाहेरची आली की. "एक वाटी रवा, एक वाटी साखर, अर्धा लिटर दूध" असं लिहिलं की १२० मिलीच्या वाटीवाल्याचा शिरा सैल होतो आणि २०० मिलीवाल्याचा रवा कचकच राहतो. दोघींनीही कागद तंतोतंत पाळलेला असतो.

उपाय सोपा आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम तितके मिली. तो आकडा कागदाच्या डोक्यावर लिहा: "या रेसिपीतली वाटी १५० मिली." १५० मिलीच्या सपाट वाटीत साधारण १२५ ग्रॅम साखर, तितकाच तांदूळ, १०५ ग्रॅम रवा, ८० ग्रॅम कणीक आणि ६० ते ६५ ग्रॅम बेसन बसतं. कणीक आणि बेसन दाबून भरलं तर आकडा बराच वर जातो, म्हणून "सपाट, न दाबता" हे शब्द लिहा. चमच्याचंही तसंच. पोह्याचा चमचा आणि चहाचा चमचा घरोघरी वेगळा असतो. ५ आणि १५ मिलीचे मापाचे चमचे एकदा आणून ठेवा. हळद, हिंग, मीठ अशा थोड्या वस्तू काट्यावर तोलू नका. एक-दोन ग्रॅमला साधा काटा भरवशाचा नसतो, तिथे मापाचा चमचाच बरा.

जुन्या वहीतून उतरवत असाल तर शेर, पावशेर, अदपाव भेटतील. वजनाचा शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे जुना पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास. आज बोलताना आपण २५० ग्रॅमला पावशेर म्हणतो. दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे वहीचा काळ बघून आकडा ठरवा. चिपटं, मापटं, पायली ही भरून मोजायची मापं आहेत. त्यांचा ग्रॅमचा आकडा धान्यागणिक बदलतो. घरात जुनं माप शिल्लक असेल तर त्यात तोच तांदूळ किंवा तीच डाळ भरून तोला.

आणि ज्यांचा हातच माप आहे त्यांचं काय? आजी मूठ घालतात, डब्यातून ओंजळ काढतात, आणि मध्येच "थांबा, मोजू द्या" म्हटलं की त्यांचा हात बिघडतो. अशा वेळी हात मोजू नका, डबा मोजा. स्वयंपाकाच्या आधी बेसनाचा, तेलाचा, गुळाचा, तिखटाचा डबा झाकणासकट तोलून आकडे लिहून ठेवा. त्यांना त्यांच्या लयीत करू द्या. शेवटी तेच डबे परत तोला. फरक म्हणजे पदार्थात गेलेली वस्तू. दोन माणसं लागतात: एक तोलणारं, एक वेळ आणि ज्वाला टिपणारं. डब्यातून मध्येच दुसऱ्या कामाला काही काढलं, चहाला साखर घेतली, तर ते लगेच लिहा, नाहीतर हिशेब फसतो. हेच दोन वेगवेगळ्या दिवशी करा. आकडे जवळपास आले तर मधला घ्या; लांब पडले तर त्या कशावरून कमीजास्त करतात ते विचारा. बहुतेकदा उत्तर "पीठ किती पाणी पितं त्यावर" असं काहीतरी असतं. ते वाक्य जसंच्या तसं कागदावर जायला हवं.

शब्दांचा क्रम

"मोड आलेली मटकी एक वाटी" आणि "एक वाटी मटकी, मोड आणून" यांत दुपटीहून जास्त फरक पडतो. मटकी भिजून मोड आले की वजन दुपटीच्या पुढे जातं. मिसळ पाणचट झाल्याची तक्रार आली तर आधी हीच ओळ तपासा. तीच गत "भिजवलेली डाळ" आणि "डाळ भिजवून" यांची. ज्या अवस्थेत वस्तू मोजली तीच अवस्था आधी लिहायची.

वस्तूंची नावंही गावागणिक फिरतात. आपल्याकडे नुसतं खोबरं म्हटलं की सुकं. कोकणातल्या मावशी ओलं समजतील. आपली नागली म्हणजे त्यांची नाचणी, आपलं गिलकं म्हणजे त्यांचं घोसाळं, आपली भगर म्हणजे त्यांचे वरीचे तांदूळ. डांगर हा शब्द तर टाळाच. इथे तो लाल भोपळा, आणि दुसरीकडे उडदाच्या पिठाचं कालवलेलं डांगर. दोन्ही नावं लिहायला जागा कितीशी लागते?

कांद्याबद्दल नाशिककरांना सांगायला नको, पण लिहिताना आपणच विसरतो. "चार मोठे कांदे" लिहू नका, सोलून किती ग्रॅम ते लिहा आणि लाल की उन्हाळ तेही. लाल कांद्यात पाणी जास्त असतं. काळ्या मसाल्याला तो घातला तर उन्हात वाळवूनही आत ओल राहते, तळताना तेल जास्त पितो आणि मसाला पावसाळ्यात गोळा होतो. उन्हाळ कांदा पातळ चिरून, वाळवून, मग तळावा. मिरचीचंही नाव हवं: बेडगी रंगाला, लवंगी तिखटपणाला. पाव किलो "लाल मिरची" एवढंच लिहिलं तर एका घरात मसाला फिका होईल आणि दुसऱ्या घरात लहान मुलांना खाता येणार नाही.

कुकरच्या शिट्ट्या मोजू नका. तीन लिटरचा आणि पाच लिटरचा कुकर वेगळ्या वेळाने शिट्टी देतात. "पहिली शिट्टी झाल्यावर मंद गॅसवर बारा मिनिटं" हे कुठेही चालतं. डाळीच्या कागदावर पाणी कोणतं तेही लिहा. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि नव्या वसाहतींमधलं बोअरचं जड पाणी यांत डाळ शिजायला चांगलाच फरक पडतो.

आता हे सगळं एका कागदावर कसं दिसतं ते बघू. पातळ पोह्यांच्या चिवड्याचा कागद बहुतेक असा येतो: "पोहे भाजून घ्या. फोडणीत दाणे, डाळं, खोबरं, मिरची, कढीपत्ता घाला. पोहे घालून हलवा. मीठ-साखर चवीनुसार." ज्याला चिवडा येतो त्याला हे पुरतं. ज्याला येत नाही त्याला हवं ते असं:

पातळ पोहे ५०० ग्रॅम, चाळून. कडक उन्हात दोन तास, नाहीतर जाड बुडाच्या कढईत मंद गॅसवर दोन भागांत, प्रत्येक भाग आठ ते दहा मिनिटं. मुठीत चुरले की करकर वाजून पीठ व्हायला हवं. गॅस मोठा केला तर पोहे आकसतात आणि आत चिवट राहतात. तेल १३० मिली. आधी शेंगदाणे १५० ग्रॅम, साल तडकेपर्यंत. मग सुक्या खोबऱ्याचे काप ७५ ग्रॅम, कडा गुलाबी होताच पुढची वस्तू. मग हिरव्या मिरच्यांचे तुकडे आठ-दहा आणि कढीपत्ता दोन मुठी, धुऊन पूर्ण कोरडा केलेला. इथे घाई करायची नाही. मिरचीचा तुकडा बोटाने मोडला तर वाकता कामा नये, तुटायला हवा. चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो तो बहुतेक वेळा या मिरचीतल्या ओलीमुळे, आणि दोष बिचाऱ्या पोह्यांना जातो. शेवटी डाळं १०० ग्रॅम, हिंग अर्धा चमचा, हळद एक चमचा, गॅस बंद. मीठ अडीच चमचे आणि पिठीसाखर दोन मोठे चमचे मिक्सरमधून एकत्र फिरवून घ्यावी. जाडं मीठ पोह्यांना धरत नाही, डब्याच्या तळाशी जातं, आणि वरचा चिवडा अळणी तर खालचा खारट होतो. पोहे घालून पाच मिनिटं मंद गॅसवर खालीवर करा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. चमचे इथे ५ मिलीचे, मोठे १५ मिलीचे. नाशिकच्या चिवड्याला तळलेला कांदा हवाच असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी तो वाळवून तळावा आणि खायच्या वेळी वरून घालावा.

कुरडईचा कागद यापेक्षा अवघड असतो, कारण तिथे प्रमाण बरोबर असूनही पदार्थ चुकतो. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, ऊन फार असेल तर दिवसातून दोनदा, नाहीतर आंबूस वास धरतो. चौथ्या दिवशी वाटून, पाण्यात कोळून, फडक्यातून गाळून चीक काढायचा आणि रात्रभर स्थिर ठेवायचा. सकाळी वरचं पिवळसर पाणी सगळं ओतून टाकायचं. ते राहिलं तर कुरडईचा रंग मळकट येतो. इथपर्यंत सगळ्या लिहितात. पुढे येतं "जेवढा चीक तेवढं पाणी", आणि इथेच कागद फसतो. पाच तास बसलेला चीक सैल असतो, दहा तास बसलेला दाट. एकास एक दोन्हींना लावलं तर एकीचा घाट (शिजवलेला चीक) पातळ होऊन सोऱ्यातून धार लागते, दुसरीच्या हातात दगड येतो. म्हणून किती तास ठेवला, आणि पाणी काढल्यावर चीक कसा दिसत होता, हे लिहायलाच हवं. बोट बुडवून काढलं की बोटावर जाड पांढरा थर राहिला तर एकास एक बरोबर. थर पारदर्शक असेल तर पाणी पाऊण घ्या. पाणी मीठ-हिंग घालून खळखळ उकळलं की एकाने चीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने थांबल्याशिवाय घोटायचं. एकटीने केलं की गुठळ्या ठरलेल्याच. पांढरेपणा जाऊन घाट पारदर्शक आणि चकचकीत झाला, ओल्या बोटाला चिकटेना, की शिजला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना चिरते आणि उचलताना तुकडे होतात. मीठ चवीला थोडं कमीच वाटायला हवं, कारण पाणी उडून गेलं की तेवढंच मीठ निम्म्याहून कमी वजनात राहतं.

दुसऱ्या भेटीत पदार्थ मांडताना प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी ठेवा: शेंगदाणे आहेत का, कांदा-लसूण आहे का, उपवासाला चालतं का आणि कुणाच्या पद्धतीने. कुणाकडे उपवासाला कोथिंबीर-जिरं चालतं, कुणाकडे नाही, आणि चुकून खाल्लं गेलं की वाईट वाटतं. ओल्या नारळाची चटणी, दही घातलेलं, भाताचं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मार्च-एप्रिलच्या दुपारी तासाभरात फ्रीजमध्ये गेलेलं बरं. मूळ पदार्थ करणाऱ्याने आधी चाखायचं आणि समासातले प्रश्न एकेक करून सोडवायचे. जमला नसेल तर करणाऱ्याला बोलू नका, कागद दुरुस्त करा. मोठ्या माणसांसमोर हे नाजूक असतं. "आत्या, इथे किती वेळ परतायचं ते लिहायचं राहिलं" असं म्हटलं की आत्या आनंदाने सांगतात. "तुमची रेसिपी चुकली" म्हटलं की पुढच्या वर्षी त्या येत नाहीत.

घरगुती मसाले विकून ज्यांचं घर चालतं त्यांच्याकडे मसाल्याचं प्रमाण मागू नका. त्यांच्याकडून भाजीची कृती घ्या आणि त्यात "अमुक मसाला दोन चमचे" असं लिहा. मसाला त्यांच्याकडूनच विकत घ्या. रेसिपी पुस्तकातून किंवा यूट्यूबवरून आली असेल तर तसं लिहा, घरातून आली असेल तर कुणाच्या हातची तेही लिहा.

साठवणीसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा ग्रुप करा, त्यात फक्त अ‍ॅडमिनला मेसेज टाकता येईल असं सेटिंग ठेवा आणि मेसेज आपोआप गायब होण्याची सोय बंद ठेवा. शुभेच्छांच्या गर्दीत कागद सापडत नाहीत. पण छापील प्रत हवीच. ए-फोर कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा: बारा रेसिपी, एक मुखपृष्ठ, एक पान सगळ्यांच्या वाट्यांच्या आकड्यांचं, दोन कोरी, अशी सोळा. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको, ओट्यावर ठेवून हातभर लांबून वाचता आलं पाहिजे. प्रत्येक पानाच्या खाली चार बोटं जागा कोरी सोडा. एक रेसिपी एकाच पानावर बसवा, पिठाच्या हाताने पान उलटायला लागू नये.

या पुस्तिका छापून ठेवल्या की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून देता येतात. सोबत ५ मिलीचा मापाचा चमचा दोऱ्याने बांधून दिला तर फारच चांगलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्या भेटीला मात्र प्रत्येकीला आपली पुस्तिका परत घेऊन यायला सांगा, तेलाचे डाग पडलेली, खालच्या कोऱ्या जागेत लिहिलेली. ज्या पानावर सगळ्यात जास्त पेन्सिल चालली असेल, तो पदार्थ त्या दिवशी सगळ्यांनी मिळून पुन्हा करायचा.